खोपा पास की नापास?

बहिणाबाईंच्या कवितेमुळे सुगरणीचा खोपा आपल्या खान्देशात सगळ्यांच्या ओळखीचा. दीपनगरच्या आसपासही विहिरीवरच्या बाभळीला असे खोपे लटकलेले दिसतात. पण गंमत बघा, खोपा विणतो तो नर! मादी फक्त पसंत करते. मग पाखराला सौंदर्य कळतं का? या प्रश्नामागे लागलो आणि डॉ. सालिम अलींपाशी पोहोचलो.

त्यांचा जन्म 1896 साली मुंबईचा. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवलं. एअरगननं पाडलेली पिवळ्या कंठाची चिमणी कुठली, हे विचारायला पोरगा बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला आणि पक्ष्यांचाच झाला. ब्रह्मदेशातला धंदा चालला नाही. विद्यापीठाची पदवी नाही. जर्मनीत पक्षिशास्त्र शिकून 1930 साली परतले, तर म्युझियममधली नोकरीही गेलेली!

दुसरा कोणी खचला असता. हे पत्नी तेहमिनांसोबत अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि सुगरणींचं निरीक्षण करत बसले. त्यांना दिसलं ते असं: नर खोपा अर्धा विणतो, पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी आत शिरून तपासणी करते, अगदी आपल्या एक्स्टर्नलसारखी! पसंत पडला तर ती राहते आणि नर उरलेलं काम पुरं करतो. मग हा पठ्ठ्या दुसरीसाठी नवा खोपा सुरू करतो. 1931 साली हे छापून आलं आणि सुगरणीच्या संसाराबद्दलची जुनी समजूत बदलली.

पक्ष्यांच्या माद्यांना सौंदर्याची आवड असते, असं डार्विननं 1871 सालीच मांडलं होतं. पण नंतरच्या अभ्यासात दिसलं, की सुगरणीची मादी विणीपेक्षा जागेला जास्त महत्त्व देते. खोपा उंच आणि सुरक्षित हवा. म्हणजे ती कलेची रसिक कमी आणि साइट इंजिनिअर जास्त! तरी मला वाटतं, पिल्लं जिथं वाचतील तेच तिला सुंदर दिसत असेल. आपल्यालाही भक्कम पूल देखणा वाटतोच की.

सालिम अलींनी मात्र मादीच्या मनात काय आहे ते ठरवून टाकलं नाही. ती काय करते ते रोज पाहिलं, लिहिलं. पुढे 1941 साली त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं, 1976 साली पद्मविभूषण मिळालं. 1987 साली ते गेले. मित्रांनो, हातात नोकरी नसतानाच्या दिवसांत या माणसानं आपलं नाव कमावलं. कॅम्पसमध्ये सिलेक्शन झालं नाही म्हणून रूमचं दार लावून बसणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.