खडकांतला काळ वाचणारे हिस्लॉप

पन्हाळ्याचा काळा कातळ आणि नागपूरची सीताबर्डीची टेकडी यांचे कूळ एकच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्हाच्या थरांनी हा प्रदेश घडविला. या थरांच्या मधोमध जीवसृष्टीचा इतिहास दडलेला आहे, हे विदर्भात चिकाटीने दाखवून देणारे संशोधक म्हणजे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप.

स्कॉटलंडमधील डन्स गावी १८१७ मध्ये त्यांचा जन्म झाला. त्यांच्या तरुणपणी भूशास्त्रात मोठी उलथापालथ चालली होती. वॉटर्लूच्या रणांगणावर लढलेले विल्यम लॉन्सडेल यांनी १८३७ मध्ये इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील चुनखडकांतले प्रवाळ तपासले. ते सिल्युरियन आणि कार्बोनिफेरस यांच्या मधल्या काळातील असल्याचे त्यांनी ताडले. त्यावरूनच १८३९ मध्ये सेजविक आणि मर्चिसन यांनी डेव्होनियन हे नाव रूढ केले. शिंगाच्या आकाराचा एकुटवाणा प्रवाळ आडवा कापला, की केंद्राकडे जाणारे पातळ पडदे दिसतात. त्यांची रचना पाहून जात ओळखायची आणि जातीवरून खडकाचे वय ठरवायचे, अशी ही रीत.

हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. १८४६ मध्ये त्यांनी शाळा काढली, मराठी आत्मसात केली. धर्मप्रसार आणि अध्यापन सांभाळून ते सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह माळराने धुंडाळू लागले. येथे डेव्होनियन प्रवाळ मिळणे शक्यच नव्हते. परंतु रीत तीच लागू पडली. टाकळीजवळच्या थरांत त्यांना गोगलगाई, फळे आणि बिया यांचे जीवाश्म सापडले. प्रवाळ खाऱ्या पाण्याची साक्ष देतात, तर या गोगलगाई गोड्या पाण्यातल्या. म्हणजे लाव्हाच्या दोन उद्रेकांमधील शांततेत येथे तळी होती, असा निष्कर्ष निघाला. मांगली येथे मिळालेल्या प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन १८५५ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी केले. टाकळीच्या थरांचे वय मात्र हिस्लॉप यांनी इओसीन मानले होते. पुढील संशोधनाने ते थर त्याहून जुने, क्रिटेशस युगाच्या अखेरीस सुरू होणारे ठरले. पुरावा जपून ठेवलेला असल्यामुळेच ही दुरुस्ती शक्य झाली.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून ते बोरीकडे परतत होते. वाटेत पुराने फुगलेल्या ओढ्यात त्यांचा अंत झाला. छावणीत पोहोचला तो त्यांचा रिकामा घोडा. वय अवघे ४५. त्यांनी गोंडांविषयी जमविलेली टिपणे रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली.

१८८३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयामुळे हे नाव विदर्भात घरोघरी पोहोचले. गोड्या पाण्यात वसाहत करून राहणाऱ्या एका चिमुकल्या जीवालाही १८५८ मध्ये हिस्लोपिया हे नाव मिळाले. विदर्भातल्या तळ्यांचा इतिहास उलगडणाऱ्या संशोधकाचे याहून समर्पक स्मारक कोणते?