सहा आकडे आणि वेलणकर

परवा हॉस्टेलच्या वाय-फायचा फॉर्म भरत होते. नाव, ब्रँच, रूम नंबर, घरचा पत्ता पिनकोडसकट, आणि सगळ्यात शेवटच्या चौकोनात मॅक अ‍ॅड्रेस. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. ऱ्हस्व-दीर्घाचं संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं, ही आधीच विनंती!)

फर्स्ट इयरच्या मुली दर वर्षी याच चौकोनाला अडकतात. खरं तर सोपं आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश, ऑल एवढं टाइप करायचं आणि फिजिकल अ‍ॅड्रेस लिहिलेल्या ओळीसमोरची बारा अक्षरं उतरवून घ्यायची. शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ अक्षरं. अशा दोन-तीन ओळी निघतात, त्यातली वायरलेसची घ्यायची, केबलची नाही. माझी फजिती झाली ती फोनच्या बाबतीत. हल्लीचे फोन प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा, बनावट मॅक अ‍ॅड्रेस पुढे करतात. मी भलताच नंबर लिहून मोकळी झाले आणि दोन दिवस नेट नाही. ऐन सबमिशनच्या आठवड्यात! शेवटी सेटिंगमध्ये जाऊन त्या नेटवर्कपुरता तो प्रकार बंद केला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

तेव्हा एका सीनियरने ज्ञान दिलं की मॅक अ‍ॅड्रेस म्हणजे कॉम्प्युटरचा पिनकोड. ऐकायला एकदम पटतं. पण हे साफ चुकीचं आहे, आणि का चुकीचं आहे ते समजायचं असेल तर पिनकोडचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात त्यांच्याकडे जायला हवं. क्विझवाल्या मंडळींना हे नाव पाठ असतं, पण नावापलीकडे त्यांनाही फारसं काही माहीत नसतं.

श्रीराम भिकाजी वेलणकर. जन्म २२ जून १९१५. नोकरी पोस्ट आणि तार खात्यात, आणि जीव संस्कृतमध्ये. खात्यात चढत चढत ते केंद्राच्या दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव झाले, पोस्ट आणि तार बोर्डाचे ज्येष्ठ सदस्य झाले. म्हणजे माणूस सरकारी फायलींच्या ढिगाऱ्यात बसणारा. आणि हाच माणूस संस्कृतमध्ये कविता करायचा, नाटकं लिहायचा. आपल्याकडे मॅथ्स थ्री सुटलं की पुस्तक उघडायला नको वाटतं, आणि इथे हे!

त्यांनी सोडवलेला प्रश्न काय होता हे मला माझ्या आजोबांमुळे कळलं. आजोबा लालबागला गिरणीत कामाला होते. गिरणगावातल्या बहुतेक घरांसारखंच अर्धं घर चाळीत आणि अर्धं कोकणात. पगार झाला की कणकवलीजवळच्या वाडीत मनीऑर्डर. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर चार ओळी लिहायला जागा असायची, त्यात सगळी खुशाली बसवायची. मग पोच येईपर्यंत जिवाला घोर. आजीचा अंगठा उठलेला तो कपटा हातात पडला की पैसे पोचले, तोपर्यंत नाही.

आता देशभराचा विचार करा. औरंगाबाद महाराष्ट्रात आणि औरंगाबाद बिहारमध्ये. बिलासपूर हिमाचलात आणि बिलासपूर आताच्या छत्तीसगडमध्ये. पिंपळगाव तर आपल्याकडे किती आहेत ते विचारूच नका. त्यात पत्ता मराठीत, बंगालीत, तमिळमध्ये, मोडक्या इंग्रजीत, आणि अक्षर डॉक्टरांसारखं. रेल्वेच्या टपाल डब्यात पत्रं लावणाऱ्या सॉर्टरला गावांची नावं तोंडपाठ ठेवावी लागत. सगळा भार माणसाच्या मेमरीवर, आणि कॅश मिस झाला की आजोबांसारख्या कुणाची तरी मनीऑर्डर दुसऱ्याच गावची वाट धरणार.

बाहेरच्या देशांत तोवर पत्त्याला नंबर लागले होते. अमेरिकेत १९६३ साली पाच आकडी झिप कोड आला होता. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी, सहा आकडी पिनकोड सुरू झाला.

त्याची रचना नीट बघा. पहिला आकडा देशाच्या विभागाचा. १ ते ८ हे भौगोलिक विभाग, आणि ९ सैन्याच्या टपालाचा. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. दुसऱ्या आकड्याने उपविभाग, तिसऱ्याने सॉर्टिंगचा जिल्हा. उरलेले तीन आकडे त्या जिल्ह्यातल्या पोस्ट ऑफिसचे. कोलकात्याच्या सॉर्टरला लालबाग कुठे आहे हे माहीत असायची गरजच उरली नाही. त्याने सुरुवातीचे ४०० बघायचे आणि पत्र मुंबईच्या थैलीत टाकायचं. पुढचे ०१२ मुंबईवाले बघतील. ज्यांनी कॉम्प्युटर नेटवर्क्स घेतलंय त्यांच्या डोक्यात एव्हाना घंटा वाजली असेल. आपले राऊटर आयपी अ‍ॅड्रेसचा सुरुवातीचा भाग बघून पॅकेट पुढे ढकलतात, ते हेच. म्हणजे पिनकोडचा भाऊ शोधायचाच असेल तर तो आयपी अ‍ॅड्रेस, मॅक नव्हे.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली. आजोबांना गावाहून आलेल्या जुन्या पत्रांवर पत्ता आहे लालबाग, मुंबई १२. नंतरच्या पत्रांवर ४०० ०१२. मुंबईत टपालाचे विभाग पिनकोडच्या आधीपासून होतेच. जुन्या मराठी पुस्तकांच्या पहिल्या पानावर प्रकाशकाचा पत्ता बघा, गिरगाव, मुंबई ४ असं छापलेलं असतं. गिरगावचा ४ झाला ४०० ००४, दादरचा १४ झाला ४०० ०१४, पश्चिमेचा २८ झाला ४०० ०२८, आणि बोरीबंदरच्या घुमटवाल्या जीपीओचा १ झाला ४०० ००१. जुनं पुसून नवं लादलं नाही, जुन्या नंबराच्या पुढे फक्त रस्ता जोडला. पोस्टमनला, गिऱ्हाइकाला, कोणालाच आपला नंबर नव्याने पाठ करावा लागला नाही. आपण प्रोजेक्टमध्ये जुना कोड डिलीट करून सगळं परत लिहायला बसतो, तेव्हा मला हे हमखास आठवतं.

मग मॅक अ‍ॅड्रेस म्हणजे काय? बारा अक्षरांतली पहिली सहा बनवणाऱ्या कंपनीची, आयईईई या संस्थेने दिलेली. उरलेली सहा त्या कंपनीने त्या कार्डाला दिलेली. कार्ड लालबागला आहे की लंडनला, याचा त्यात पत्ताच नाही! जन्माच्या दाखल्यासारखं आहे ते. माणूस कोण ते सांगतं, राहतो कुठे ते सांगत नाही. म्हणून मॅक चालतो तो फक्त एकाच नेटवर्कच्या आत. पिनकोडने पत्र लालबागच्या पोस्टात आलं, पोस्टमन चाळीच्या अंगणात उभा राहिला आणि वर बघून त्याने आडनाव पुकारलं. सगळ्या मजल्यांवर ऐकू गेलं, पण ओ दिली एकाच खोलीने. एआरपी प्रोटोकॉल नेमकं हेच करतो. व्हायव्हात मी हे उदाहरण दिलं, सर हसले, पण मार्क दिले!

वेलणकरांना ही रचना सुचली ती संस्कृतमुळे, असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पण छंदशास्त्र वाचल्यावर संशय येतोच. तीन अक्षरांचा एक गण, प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू, म्हणजे दोनाचा घन, एकूण आठ गण. यमाताराजभानसलगा या दहा अक्षरांत ते आठही बसतात, एकेक अक्षर पुढे सरकत तीन-तीन वाचत जायचं. शुद्ध शिफ्ट रजिस्टर! शतकानुशतकं मुलांनी ते घोकलं आहे. थोडक्या खुणांत पुष्कळ माहिती ठेवायची सवय अशा अभ्यासात लागत असणार, हा आपला माझा तर्क.

पिनकोड आला तेव्हा वेलणकरांना सत्तावन्न वर्षं पूर्ण झाली होती. रिटायरमेंटला सोळा-सतरा महिने उरलेले. अशा वेळी माणूस पेन्शनच्या कागदांकडे बघतो. त्यांनी १९७३ साली दिल्लीत तिकिटांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन, इंडिपेक्स, तेही पार पाडलं. ३१ डिसेंबर १९७३ ला ते निवृत्त झाले. पुढची पंचवीस वर्षं संस्कृतची. देववाणी मंदिरम् ही त्यांनी मुंबईत काढलेली संस्था, नाटकं, कविता. त्यांची पुस्तकं आणि नाटकं मिळून शंभराच्या वर जातात. १९९६ साली संस्कृतसाठी राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. ४ एप्रिल १९९९ ला ते गेले.

त्यांच्या नंबराने मात्र बरंच काही बघितलं. बॉम्बेचं अधिकृतपणे मुंबई झालं, व्हीटीचं सीएसएमटी झालं, महाराष्ट्रातल्या औरंगाबादचं २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, तरी तिथला ४३१ ००१ तोच राहिला. छत्तीसगड, तेलंगण ही नवी राज्यं झाली, त्यांचे आकडे हलले नाहीत. मे २०२५ मध्ये पोस्टाने डिजिपिन आणला, साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला एक दहा अक्षरी कोड. आमची चाळ जाऊन आता तिथे टॉवर आहे, त्यामुळे एका चौकोनावर किती मजले येतील याचा हिशोब मी करून बघितला आणि सोडून दिला. मजला सांगायला परत हाक मारणारा पोस्टमनच लागणार.

आणखी एक गंमत. सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट भारतात व्हीएसएनएलने सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, म्हणजे पिनकोडच्याच तारखेला. कंपनीचं मुख्य ऑफिस फोर्टला, पिनकोड ४०० ००१. वेलणकर तेव्हा ऐंशी वर्षांचे होते.

फॉर्म मी भरून दिला. मॅक अ‍ॅड्रेस तीनदा तपासून लिहिला. घरच्या पत्त्याखाली ४०० ०१२ लिहिताना मात्र कुठे बघावं लागलं नाही.