एका शहराचे दोन संघ आणि हॉवी मोरेंझ

१९२४ पासून मॉन्ट्रियलमध्ये आइस हॉकीचे दोन व्यावसायिक संघ नांदत होते. फ्रेंच भाषकांचा कॅनेडियन्स आणि इंग्रजी भाषकांचा मरून्स. १९२६ नंतर दोघांचे घरचे मैदानही एकच झाले, फोरम. साहजिकच या दोघांत सामना असला की भाषेचे भांडण बर्फावर उतरे.

गंमत अशी की फ्रेंचांचा लाडका ठरला तो इंग्रजी बोलणारा हॉवी मोरेंझ. ऑन्टारियोतील मिचेल गावी १९०२ मध्ये जन्मलेला. त्याच्या वेगापुढे भाषाभिमान्यांना बाकी सारे माफ असावे. कॅनेडियन्सच्या तीन स्टॅन्ले चषकांत त्याचा मोठा वाटा होता. सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट चषकही त्याने तीनदा पटकावला. तरीही १९३४ मध्ये संघाने त्याला शिकागोकडे धाडले.

१९३६ मध्ये तो परतला. २८ जानेवारी १९३७ रोजी शिकागोविरुद्धच खेळताना फोरमच्या बर्फावर त्याचा पाय मोडला आणि ८ मार्चला रुग्णालयातच त्याचे निधन झाले. वय अवघे ३४. अंत्यविधी फोरममध्येच झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच्या स्मरणार्थ सामना झाला, तेव्हा कॅनेडियन्स आणि मरून्सचे खेळाडू एकाच संघातून उतरले. पुढच्या वर्षी मरून्स बंद पडला.