नारायण वामन टिळक

रेव्हरंड नारायण वामन टिळक (६ डिसेंबर १८६१ – ९ मे १९१९) हे मराठी कवी, कीर्तनकार, संपादक आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. 'फुलांमुलांचे कवी' या नावाने ते मराठी वाचकांना परिचित आहेत. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेत आजही गायिली जाणारी कितीतरी भजने त्यांनी रचली. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक या त्यांच्या पत्नी. लोकमान्य बाळ गंगाधर टिळक हे त्यांचे समकालीन. दोघांचे आडनाव आणि मूळ जिल्हा एकच असल्याने नवख्या वाचकाचा कधी कधी गोंधळ होतो.

बालपण व शिक्षण

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व स्वभावाने अतिशय कडक होते. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेली होती. कवितेचा वारसा आपल्याला आईकडून मिळाला, असे टिळक मानीत. आई गेली तेव्हा ते अजून लहानच होते. त्यानंतर वडिलांशी पटेनासे झाले आणि कोवळ्या वयातच घर सोडून ते नाशिकला आले. तेथे वेदशास्त्रसंपन्न गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेतही ते काही काळ शिकले, परंतु भावंडांचा भार अंगावर आल्याने ते शिक्षण अर्धवट राहिले. पुढचे इंग्रजी त्यांनी स्वतःच्या वाचनातून मिळवले.

सन १८८० च्या सुमारास त्यांचा विवाह नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनू हिच्याशी झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत टोकाचे कर्मठ होते आणि त्याच शिस्तीत त्यांचे बालपण गेले होते. पुढे जे घडले ते समजून घ्यायचे तर ही पार्श्वभूमी विसरून चालत नाही.

भटकंतीची वर्षे

विवाहानंतरची दहा-बारा वर्षे टिळक एका जागी स्थिर राहिले नाहीत. शिक्षकाची नोकरी, कीर्तने, पुराणे, काव्यलेखन, संस्कृत ग्रंथांचे काम असे अनेक उद्योग त्यांनी केले. एखादे काम मनातून उतरले की ते सोडून द्यायचे, घरात न सांगता गावोगाव निघून जायचे, हातात आलेले पैसे पहिल्या गरजवंताला देऊन टाकायचे, अशी त्यांची रीत होती. 'स्मृतिचित्रे'मध्ये या काळातील विक्षिप्तपणाचे अनेक प्रसंग आले आहेत. ते वाचताना हसू येते. पण रिकाम्या डब्यांसमोर बसलेल्या तरुण गृहिणीला ते येत नसणार, हेही त्याच पानांवरून कळते.

नागपूरला श्रीमंत रसिक अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत वाङ्मयाचे काम केले. याच काळात त्यांनी 'ऋषी' नावाचे धर्मचर्चेला वाहिलेले नियतकालिक चालविले. जातिभेदाचा त्यांना मनापासून तिटकारा होता. देश उभा राहायचा तर त्याला सर्वांना एकत्र बांधणारा धर्म हवा, अशी त्यांची धारणा होत चालली होती. असा धर्म आपणच शोधून काढावा किंवा घडवावा, असेही विचार त्यांच्या मनात येत. त्यांच्या नंतरच्या निर्णयाचे मूळ या शोधात आहे. धर्मांतरापूर्वीचे टिळक धर्माविषयी उदासीन होते, असा समज वस्तुस्थितीला धरून नाही.

आगगाडीतील भेट

सन १८९३ मध्ये टिळकांना राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळाली. नागपूरहून तिकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एक युरोपीय गृहस्थ त्यांचे सहप्रवासी होते. त्या काळी गोरे प्रवासी एतद्देशीयांशी क्वचितच सौजन्याने वागत. या गृहस्थांनी मात्र जागा करून दिली, काव्याविषयी बोलणे काढले आणि संभाषण हळूहळू धर्माकडे वळले. निरोप घेताना त्यांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती दिली, ती वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटले.

दिलेला शब्द पाळायचा म्हणून त्यांनी वाचन सुरू केले, तेही हाती पेन्सिल घेऊन, खुणा करीत. मत्तयकृत शुभवर्तमानातील पाचव्या ते सातव्या अध्यायांत येणाऱ्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते खिळून राहिले. ज्या प्रश्नांची उत्तरे ते वर्षानुवर्षे शोधत होते, ती त्यांना तेथे सापडू लागली. शत्रूवरही प्रेम करावे ही शिकवण आणि देव हा पिता आहे ही कल्पना त्यांच्या मनाने लगेच स्वीकारली. यानंतर त्यांनी ख्रिस्ती नियतकालिकाशी टोपणनावाने पत्रव्यवहार सुरू केला. आपल्या शंका विचारल्या, उत्तरे तपासली. मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनमधील रेव्हरंड जस्टिन अॅबट यांच्याशी संबंध आला तोही या मार्गाने.

ख्रिस्ती परिभाषेत देवाच्या बोलावण्याला 'पाचारण' म्हणतात. टिळकांच्या बाबतीत हे पाचारण एका रात्रीत झालेला साक्षात्कार नव्हते. पुस्तक हातात पडल्यापासून निर्णयापर्यंत जवळजवळ दोन वर्षे गेली. विचार पटला होता, पण पाऊल उचलवत नव्हते. जात जाईल, आप्त दुरावतील आणि मुख्य म्हणजे पत्नी व लहान मुलगा यांचे काय होईल, हे प्रश्न समोर होते. त्यांच्या विचारांची कुणकुण लागताच विरोधही सुरू झाला. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो परदेशी मिशनऱ्याकडून न घेता भारतीय धर्मगुरूच्या हातून घेण्याचा त्यांचा आग्रह होता. बावीस वर्षांनंतर त्यांनी जो निर्णय घेतला, त्याचे बीज या आग्रहातच दिसते.

लक्ष्मीबाईंची पाच वर्षे

बाप्तिस्म्याची बातमी लक्ष्मीबाईंना नंतर कळली. पतीने एवढा निर्णय त्यांना विश्वासात न घेता केला होता. टिळकांच्या चरित्रातील ही बाजू त्यांच्या चाहत्यांनीही झाकू नये. लक्ष्मीबाईंना जगणे नकोसे झाले. नातलगांनी त्यांना आपल्याकडे नेले आणि पंढरपूरला बहिणीच्या घरी त्या मुलगा दत्तू याच्यासह राहिल्या. पती जिवंत असून विधवेसारखे दिवस काढण्याची वेळ त्यांच्यावर आली. टिळक पत्रे पाठवीत, कविता पाठवीत, अधूनमधून भेटीही होत. परंतु दोघांच्या मध्ये धर्म उभा होता. टिळकांनी दुसरा विवाह केला नाही, तसेच पत्नीवर धर्मांतराची सक्तीही केली नाही.

सुमारे पाच वर्षांनी लक्ष्मीबाई अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) पतीकडे राहायला आल्या. आल्या त्या आपले सोवळे घेऊनच. प्रारंभी त्यांनी स्वयंपाकपाणी वेगळे ठेवले. पुढे एके दिवशी त्यांच्या मनात विचारांचे वादळ उठले. ही जात देवाने निर्माण केली की माणसाने? देवाने केली असती तर पशुपक्ष्यांप्रमाणे माणसांच्या जातींतही डोळ्यांना दिसेल असा भेद असता. या साध्या तर्काने त्यांच्या मनावरचे जन्माचे ओझे उतरले आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे त्यांनी ठरविले. सन १९०० मध्ये त्यांनी मुलासह बाप्तिस्मा घेतला. पतीचे पाचारण त्यांनी आपले मानले नाही. त्यांना स्वतःची वाट चालावी लागली आणि ती टिळकांच्या वाटेहून वेगळी होती. टिळक ग्रंथ वाचून आले, लक्ष्मीबाई चुलीपाशी विचार करून आल्या.

अहमदनगरमधील सेवा

अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे केंद्र होते. तेथे टिळक धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवीत, लिहीत आणि आसपासच्या गावांत हिंडून उपदेश करीत. सन १९०४ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. सन १८९९–१९०० च्या दुष्काळात आणि प्लेगच्या साथींच्या काळात त्यांचे घर अनाथ मुलांनी भरलेले असे. मुले घरी आणण्याचे काम टिळकांचे आणि त्यांना जेवू घालण्याचे लक्ष्मीबाईंचे, अशी ती वाटणी होती.

तोपर्यंत मराठी ख्रिस्ती उपासनेत इंग्रजी चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांचा भरणा असे. टिळकांनी अभंग, ओवी, पद, भजन आणि कीर्तन हे देशी प्रकार उपासनेत आणले. टाळ आणि वीणा घेऊन ख्रिस्तचरित्रावर कीर्तन करणारे टिळक सुरुवातीला अनेक मिशनऱ्यांना आणि काही भारतीय ख्रिस्ती मंडळींनाही चमत्कारिक वाटले. संत तुकारामाच्या वाणीनेच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणून सोडले, असे ते उघडपणे सांगत. ख्रिस्ती होणे म्हणजे परके होणे नव्हे, हे त्यांचे आयुष्यभराचे प्रतिपादन राहिले. 'उपासना-संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात त्यांची रचना मोठ्या प्रमाणावर आहे. १८४२ पासून चालू असलेल्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांच्याकडे होते.

त्यांच्या धर्मनिरपेक्ष कवितेविषयी येथे थोडक्यात लिहिणे पुरेसे आहे. 'वनवासी फूल', 'सुशीला', 'केवढे हे क्रौर्य', 'माझी भार्या', 'लेकराची जिज्ञासा' या कविता शालेय पाठ्यपुस्तकांतून व संग्रहांतून पिढ्यानपिढ्या वाचल्या गेल्या. तरुण कवींना ते घरात ठेवून घेत. बालकवी त्र्यंबक बापूजी ठोमरे काही काळ टिळकांच्या कुटुंबातच राहत होते. टिळक दांपत्याने त्यांच्यावर मुलासारखे प्रेम केले. ठोमरे यांचा १९१८ मध्ये रेल्वेखाली सापडून अकाली मृत्यू झाला.

मिशनचा राजीनामा आणि 'देवाचा दरबार'

मिशनमधील नोकरीत टिळकांना मान होता, नियमित वेतन होते, लेखनाला अवसर होता. तरीही त्यांचे मन अस्वस्थ होत गेले. ख्रिस्ती मंडळी परदेशी पैशावर अवलंबून आहे, तिची रीतभात पाश्चात्त्य आहे, आणि म्हणूनच आपल्या देशबांधवांना ख्रिस्त परका वाटतो, असे त्यांचे निदान होते. पगारी उपदेशकाच्या शब्दाला साधुसंतांच्या देशात वजन येणार नाही, हेही त्यांना कळून चुकले होते.

सन १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा राजीनामा दिला आणि संन्यास घेतला. वय तेव्हा पंचावन्न होते, प्रकृती खालावलेली होती आणि गाठीला पैसा नव्हता. साताऱ्यास जाऊन त्यांनी 'देवाचा दरबार' या नावाने एक बंधुसंघ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व अनुयायी त्यात समान नात्याने येऊ शकत होते. ही कल्पना त्या काळी धाडसाची होती. बाप्तिस्म्याशिवाय शिष्यत्व मान्य करणे अनेक ख्रिस्ती पुढाऱ्यांना पटण्यासारखे नव्हते, तर हिंदू समाजाला ख्रिस्ती संन्यासी ही कल्पनाच नवी होती.

हे खरेच पाचारण होते की जुन्या चंचलपणाने पुन्हा डोके वर काढले, अशी शंका त्यांना ओळखणाऱ्यांना येणे स्वाभाविक होते. तरुणपणी त्यांनी अनेक नोकऱ्या अशाच टाकल्या होत्या. फरक एवढाच दिसतो, की पूर्वी ते कामाला कंटाळून जात असत. या वेळी ते तेच काम अधिक कठीण परिस्थितीत करण्यासाठी गेले. 'ज्ञानोदय'मधील लेखन त्यांनी सोडले नाही, मिशनमधील जुन्या सहकाऱ्यांशी वैर धरले नाही. संन्यास घेऊनही त्यांनी संसार टाकला नाही. लक्ष्मीबाई या नव्या पर्वातही त्यांच्या सोबत होत्या. 'अभंगांजली'मधील रचनांत ख्रिस्ताविषयीची जी आर्तता आहे, ती वारकरी परंपरेतील भक्तीशी नाते सांगणारी आहे.

मृत्यू

'देवाचा दरबार' मूळ धरण्यापूर्वीच टिळकांची प्रकृती ढासळली. उपचारासाठी त्यांना मुंबईला जे. जे. रुग्णालयात आणण्यात आले आणि ९ मे १९१९ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. आपल्या देहाचे दफन न करता दहन करावे, अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे दहन होऊन त्यांच्या अस्थी अहमदनगर येथे पुरण्यात आल्या. त्यांच्या पश्चात 'देवाचा दरबार' फार काळ टिकला नाही. परंतु देशी वळणाच्या ख्रिस्ती आश्रमजीवनाची त्यांची कल्पना इतरांनी पुढे नेली. १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघाची स्थापना करणारे इंग्रज धर्मोपदेशक जे. सी. विन्स्लो यांनीच १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले.

'ख्रिस्तायन'

येशूच्या जीवनावरील 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य टिळकांनी हाती घेतले होते. त्यांच्या हातून दहा अध्याय पूर्ण झाले. पुढील चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या आणि विवाहानंतर पतीकडून अक्षरओळख झालेल्या या बाईंनी उतारवयात हे काम अंगावर घेतले. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले. 'ख्रिस्तायन' त्यांच्या मृत्यूनंतर पुत्र देवदत्त नारायण टिळक यांच्या प्रयत्नांनी ग्रंथरूपाने वाचकांपुढे आले.