वाटाणा गोठवणारा माणूस

फ्रीझर उघडला की काय दिसतं? आईस्क्रीमचा अर्धा डबा, बर्फाचा ट्रे आणि कोपऱ्यात फ्रोझन मटारचं पाकीट. भर मे महिन्यात पुलाव करायचा असेल तर हेच पाकीट कामी येतं. पाकीट फोडलं की हिरवेगार दाणे घरंगळत बाहेर येतात, आणि हिवाळ्यातला मटार उन्हाळ्यात कसा काय, असा प्रश्नही कुणाला पडत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी एका माणसाला नेमका हाच प्रश्न पडला होता. कॉलेज अर्धवट सोडलेला, धंद्यात एकदा दिवाळं निघालेला हा माणूस म्हणजे क्लॅरेन्स बर्ड्सआय.

क्लॅरेन्सचा जन्म ९ डिसेंबर १८८६ चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. नऊ भावंडांतला तो सहावा. लहानपणापासून त्याला दोनच गोष्टींचं वेड होतं : जंगलातले प्राणी आणि त्या प्राण्यांतून चार पैसे कसे मिळतील याचा विचार. मेलेल्या प्राण्यांच्या कातड्यात भुसा भरून ते जिवंत असल्यासारखे दिसतील असे तयार करायची कला तो स्वतःच शिकला.

पुढे तो मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात गेला. विषय आवडीचा, जीवशास्त्र. पण घरची परिस्थिती बेताची झाली होती. मग पठ्ठ्यानं खर्च भागवायला काय करावं? बेडूक पकडून तो ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयाला, तिथल्या सापांचं खाद्य म्हणून विकायला लागला! कॉलेजातल्या पोरांनी त्याचं नाव ‘बग्ज’ पाडलं, म्हणजे किडे. पण बेडूक विकून फी किती भरणार? दोन वर्षांनी, १९०८ मध्ये, त्यानं कॉलेज सोडलं. डिग्री राहून गेली ती राहूनच गेली.

कॉलेज सुटलं तरी शिकणं काही सुटलं नाही. सरकारच्या जीवशास्त्रीय सर्वेक्षण खात्यात त्याला काम मिळालं. मोंटानाच्या डोंगरात गोचिडींमुळे एक जीवघेणा ताप पसरत होता. त्याचं संशोधन करणाऱ्या पथकासाठी हा पोरगा रानोमाळ हिंडून प्राणी पकडायचा आणि त्यांच्या अंगावरच्या गोचिडी गोळा करायचा. काम धोक्याचं, पण क्लॅरेन्स खूश.

१९१२ मध्ये तो कॅनडाच्या ईशान्य टोकाला, लॅब्राडोरला पोहोचला. कोल्ह्यांच्या फरचा धंदा करायचा, हा बेत होता. १९१५ मध्ये एलिनॉर गॅरेटशी लग्न झालं, आणि थोड्याच दिवसांत बायको आणि तान्हं बाळ घेऊन तो पुन्हा त्याच बर्फात राहायला गेला. हिवाळ्यात तिथलं तापमान उणे ४० पर्यंत जायचं. (सेल्सिअस की फॅरनहाइट, असं विचारू नका. उणे ४० ला दोन्ही मोजपट्ट्या एकाच जागी येतात!) ताजी भाजी महिनोन् महिने मिळायची नाही. स्वतःचं ठीक आहे हो, पण घरात बाळ आणि बाळाची आई. त्यांना रोज खायला काय द्यायचं, हा तिथला खरा प्रश्न होता.

उत्तर मिळालं ते तिथल्या इन्युइट लोकांकडून. ते बर्फाला भोक पाडून मासे पकडायचे. मासा बाहेर काढला की त्या गार वाऱ्यात बघता बघता दगडासारखा गोठायचा. आणि काही महिन्यांनी तोच मासा वितळवून शिजवला, तर चव ताज्या माशासारखी! क्लॅरेन्सच्या डोक्यात किडा वळवळला. न्यूयॉर्कच्या बाजारातही गोठवलेले मासे मिळायचे, पण ते लिबलिबीत आणि बेचव असायचे. मग हे असे चवदार का? त्यानं घरच्या घरी प्रयोग सुरू केले. पिंपात मिठाचं पाणी घालून त्यात कोबी गोठवून पाहिला. भर हिवाळ्यात घराला हिरवी भाजी मिळायला लागली.

यामागचं शास्त्र आपल्या अकरावीच्या बायोलॉजीत बसेल इतकं सोपं आहे. भाजी असो की मासा, पेशींमध्ये पाणी भरलेलं असतं. हळूहळू गोठवलं तर त्या पाण्याच्या बर्फाचे मोठे, धारदार स्फटिक तयार होतात. ते पेशींच्या भिंती फाडतात. मग वितळल्यावर पाणी सुटतं आणि भाजीचा लगदा होतो. झटपट गोठवलं तर स्फटिक अगदी बारीक राहतात आणि पेशी शाबूत राहतात. थोडक्यात, किती गार करता यापेक्षा किती लवकर गार करता, हे महत्त्वाचं. इन्युइटांना हे पिढ्यान् पिढ्या माहीत होतं. क्लॅरेन्सनं ते समजून घेतलं आणि त्याचं यंत्र करायचं ठरवलं.

पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली, तेव्हा १९१७ मध्ये कुटुंब परत आलं. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये त्यानं मासे गोठवून विकायची कंपनी काढली. मासे चांगले होते, पण गिऱ्हाईक फिरकेना. गोठवलेलं म्हणजे शिळं, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. १९२४ मध्ये कंपनी बुडाली. वय ३७, पदरात संसार, हातात डिग्री नाही. अशा वेळी कुणीही एखादी पगाराची नोकरी धरली असती.

यानं काय केलं? नवे भागीदार गाठले आणि १९२५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या ग्लॉस्टर बंदरात पुन्हा नव्यानं मांडामांड केली. इथे त्याला खरी युक्ती सापडली. माल उघडा गोठवायचा नाही. आधी तो चपट्या खोक्यात बंद करायचा आणि मग ती खोकी दोन अतिशय गार धातूच्या पत्र्यांमध्ये दाबायची. दोन्ही बाजूंनी एकदम गारवा मिळाल्यामुळे दोन इंच जाडीचं मांसाचं पाकीट साधारण दीड तासात गोठायचं. पाकीट चपटं हवं, हा साधा मुद्दा, पण सगळा धंदा त्यावर उभा राहिला.

भाज्यांचं गणित मात्र वेगळं निघालं. नुसती गोठवलेली भाजी काही आठवड्यांत रंग आणि चव सोडायची. कारण भाजीतली एन्झाइम्स थंडीत मंदावतात, पण पूर्ण थांबत नाहीत. उपाय असा, की गोठवण्याआधी भाजी उकळत्या पाण्यात काही मिनिटं बुडवून काढायची. यालाच ब्लांचिंग म्हणतात.

१९२९ मध्ये क्लॅरेन्सची कंपनी आणि पेटंट्स २ कोटी २० लाख डॉलर्सना विकली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. टायमिंग बघा! घेणारी कंपनी पुढे जनरल फूड्स या नावानं ओळखली जाऊ लागली. तिनं त्याचंच आडनाव दोन तुकडे करून ब्रँडला दिलं, ‘बर्ड्स आय’. तो स्वतः संशोधनाचं काम बघत राहिला. ६ मार्च १९३० ला स्प्रिंगफील्ड शहरातल्या १८ दुकानांत फ्रोझन मटार, पालक, फळं, मासे आणि मटण विक्रीला आलं. लोकांनी चव घेऊन पाहिली आणि माल उचलला.

पण एक अडचण होतीच. घरी ठेवायचं कुठे? तेव्हाच्या घरगुती फ्रिजमध्ये बर्फाच्या ट्रेपुरती जागा असायची. मटार आणायचा आणि लगेच शिजवायचा, एवढंच शक्य होतं. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याचे डबे लष्कराकडे वळले आणि फ्रोझन मालाला मागणी वाढली. युद्ध संपल्यावर घरोघरी खरे फ्रीझर येऊ लागले. परसात भाजी पिकवणाऱ्या कुटुंबांनी ते आवडीनं घेतले.

आता आपल्याकडे या. गावी शेत आहे, परसात वाल-गवार लागली आहे, किंवा डिसेंबरात आईनं पाच किलो मटार सोलायला बसवलंय. घरात वेगळा फ्रीझर घ्यायची चर्चा सुरू आहे, आणि ऑनलाइन मॉडेल शोधायचं काम अर्थातच घरातल्या कॉलेजवाल्याकडे आलंय. तर बर्ड्सआयचं सूत्र लक्षात ठेवा : लवकर गोठलं पाहिजे आणि गोठलेलंच राहिलं पाहिजे.

पहिली गोष्ट, तापमान. फ्रीझर सतत उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली राहायला हवा. ताऱ्यांचं चिन्ह असेल तर एक तारा म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. चार तारे म्हणजे ताजा मालही गोठवता येतो. (विजेच्या बचतीचे तारे वेगळे, गल्लत करू नका.) दुसरी गोष्ट, प्रकार. वरून झाकण उघडणाऱ्या पेटीसारख्या फ्रीझरमध्ये गार हवा तळाशी टिकते. जड गार हवा वर कशाला येईल? पण तळातलं पाकीट शोधताना कंबर मोडते. उभ्या कपाटासारख्या फ्रीझरमध्ये सगळं समोर दिसतं, पण दार उघडलं की गारवा बाहेर सांडतो. फ्रॉस्ट-फ्री प्रकारात बर्फ खरवडावा लागत नाही, मात्र फिरत्या हवेनं नीट न बांधलेली भाजी सुकते.

तिसरी गोष्ट, लोभ नको. १०० लिटरच्या फ्रीझरमध्ये एका दिवसात तीन-चार किलोपेक्षा जास्त ताजी भाजी घालू नका. जास्त घातली तर सगळंच हळू गोठेल, आणि मग मोठे स्फटिक आलेच. चौथी, वीज. गच्च भरलेला फ्रीझर न उघडता ठेवला तर माल साधारण ४८ तास गोठलेला राहतो, अर्धा भरलेला असेल तर २४ तास. तेव्हा लाइट गेली की दार उघडून बघत बसू नका. आणि गरजेपेक्षा मोठा फ्रीझर घेऊन तो रिकामा चालवण्यात काही अर्थ नाही.

मटार दीड-दोन मिनिटं, फरसबी तीन मिनिटं उकळत्या पाण्यात, मग लगेच बर्फाच्या पाण्यात. निथळून, कोरडी करून, ताटात एका थरात गोठवा आणि नंतर हवा काढून चपट्या पिशव्यांत भरा. चपट्या कशाला, ते आता सांगायला नको. काकडी आणि कोशिंबिरीच्या पानांच्या वाटेला जाऊ नका, वितळल्यावर त्यांचं पाणीच होतं.

बर्ड्सआय मात्र पैसा मिळाल्यावरही स्वस्थ बसला नाही. दिव्यांचे रिफ्लेक्टर, देवमाशांसाठी हार्पून, अन्न झटपट सुकवायची पद्धत, असं काही ना काही चालूच. रानफुलं लावायचा नाद त्याला आणि एलिनॉरला दोघांनाही होता, त्यावर दोघांनी मिळून पुस्तकही लिहिलं. साठी ओलांडल्यावर तो पेरूमध्ये जाऊन उसाच्या चिपाडापासून कागद करायच्या प्रयोगात गुंतला. ७ ऑक्टोबर १९५६ ला, वयाच्या ६९ व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये हृदयविकारानं तो गेला. त्याची रक्षा ग्लॉस्टरच्या समुद्रात सोडली गेली.

पुढच्या वेळी दुकानातून फ्रोझन मटार घेताना पाकीट हलवून बघा. दाणे सुटे वाजले तर माल लवकर गोठलाय आणि तसाच राहिलाय. आत एकच गठ्ठा लागला तर तो वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठलाय. ते पाकीट परत ठेवा आणि दुसरं उचला.