श्री संत गोरोबाकाका

वारकरी संतमंडळींत वडीलकीचा मान श्री संत गोरोबाकाका यांच्याकडे जातो. परंपरेप्रमाणे त्यांचा जन्म इ. स. १२६७ मध्ये तेर येथे झाला. धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर नगर होय. सातवाहन काळी येथील माल भडोच बंदरातून परदेशी जाई. येथील उत्खननात तांबडा लेप दिलेली, घोटून चकचकीत केलेली भांडी सापडली असून तेरच्या लामतुरे संग्रहालयात जुन्या काळच्या वस्तूंचा मोठा ठेवा आहे. म्हणजे काकांच्या हातातील धंदा त्या मातीत हजार वर्षांहून जुना होता.

चाकावरून उतरलेले मडके थापटून वाढवावे, सावलीत ठेवावे. अर्धे सुकले की गेरू किंवा काव बारीक मातीसह पाण्यात कालवून, फडक्याने गाळून तिचा पातळ हात द्यावा. पांढऱ्या मातीच्या रेघा, ठिपके काढायचे ते याच वेळी. मग गुळगुळीत दगडाने घोटून आव्यात रचावे. आव्यात हवा खेळली तर तांबडा रंग उठतो. धूर कोंडला तर तेच मडके काळे निघते. गंमत अशी की, कावेचा हात दिलेले कच्चे मडकेही भाजल्यासारखेच तांबडे दिसते. डोळा फसतो. पाणी भरले की मात्र त्याचा चिखल होतो. म्हणून कुंभार रंगावर जात नाही, वाजवून आवाज ऐकतो.

काकांनी संतांची परीक्षा घेतली ती याच रीतीने. संतमेळा जमला असता मुक्ताबाईंनी थापटणे कशाचे म्हणून विचारले, तेव्हा काका ते घेऊन प्रत्येकाच्या मस्तकावर थापटू लागले. सगळे शांत बसले. नामदेव मात्र रागावले. नामदेवांची कीर्ती मोठी, देव त्यांच्याशी बोलत असे. तरीही काकांनी ते मडके कच्चे ठरविले. नामदेव दुखावले, पण पुढे औंढ्या नागनाथाला जाऊन त्यांनी विसोबा खेचरांना गुरू केले.

काकांच्या स्वतःच्या घरीही दुःख काही थोडे नव्हते. नामस्मरणात देहभान हरपून चिखल तुडविताना त्यांचे तान्हे मूल पायाखाली आले. पत्नीने आकांत केला. पुढे शपथेच्या पेचात सापडून काकांनी आपले हात तोडले. ज्या हातांवर घर चालायचे तेच गेले! काहींना ही कथा फार कठोर वाटते, आणि ती कठोर आहेच. महिपतींनी १७६२ साली भक्तिविजय ग्रंथ लिहिला, त्यात ती झाकून ठेवलेली नाही. पंढरीस नामदेवांच्या कीर्तनात काकांना हात परत फुटले, मूल रांगत आले, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

शके १२३९, चैत्र वद्य त्रयोदशीस (इ. स. १३१७) काकांनी तेर येथे समाधी घेतली. त्यांचे थोडेच अभंग आज उपलब्ध आहेत. दरवर्षी या तिथीस तेरला यात्रा भरते. काकांचे राहते घरही तेथे भाविकांना दाखविले जाते.