मोजपट्टी बाजूला ठेवणारा माणूस

डोक्याचा घेर मोजला की मूल किती हुशार ते कळते, असे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक शास्त्रज्ञ मानत. आल्फ्रेड बिने यांनीही शाळांत जाऊन मुलांची डोकी मोजली. हुशार आणि मागे पडलेल्या मुलांतला फरक निघाला जेमतेम मिलिमीटरभर! शिवाय कोणते मूल हुशार हे आधीच ठाऊक असले तर मोजणाऱ्याचा हात नकळत तिकडे झुकतो, अशी शंका त्यांना आली. ती तपासून त्यांनी जाहीरही केली.

ही सावधगिरी ठेच लागून आली होती. १८५७ मध्ये फ्रान्समधील नीस येथे जन्मलेल्या बिने यांनी पदवी कायद्याची घेतली; मानसशास्त्र ते ग्रंथालयात बसून शिकले. पुढे पॅरिसच्या एका नामांकित रुग्णालयात शार्को यांच्या हाताखाली त्यांनी संमोहनाचे प्रयोग केले. रुग्णावरचे परिणाम लोहचुंबकाचे नसून प्रयोगकर्त्याच्या सूचनेचे आहेत, हे इतरांनी दाखवून दिल्यावर त्यांना माघार घ्यावी लागली.

घरी मादलेन आणि अलिस या दोन मुली होत्या. एक विचार करून पाऊल टाकणारी, दुसरी उतावळी. एकाच घरातली दोन मुले एकच कोडे किती वेगळ्या वाटांनी सोडवतात, हे ते वर्षानुवर्षे टिपत राहिले.

१९०४ मध्ये फ्रेंच सरकारने समिती नेमली. शिक्षण सक्तीचे झाल्यामुळे वर्गात मागे पडणारी मुले दिसू लागली होती. त्यांना वेगळी मदत द्यायची, तर ती निवडायची कशी? केवळ शिक्षकाच्या मतावर विसंबले, तर खोडकर मूलही मंद ठरण्याची भीती. १९०५ मध्ये बिने आणि तरुण डॉक्टर थिओडोर सिमों यांनी सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या ३० कृती मांडल्या: ऐकलेले आकडे पुन्हा म्हणणे, वजनांची तुलना करणे, शब्दांचा अर्थ सांगणे. १९०८ मध्ये कृतींची वयानुसार विभागणी झाली. आठ वर्षांचे मूल सहा वर्षांच्या मुलाइतक्याच कृती करू शकले, तर ते दोन वर्षे मागे.

पण हे अंतर उंचीसारखे पक्के नाही, यावर बिने ठाम होते. घाबरलेले, आजारी किंवा घरी अभ्यासाचे वातावरण नसलेले मूल कमी गुण मिळवू शकते. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी खास व्यायामही सुचवले. लक्ष देणे, स्थिर बसणे, लक्षात ठेवणे हे सरावाने सुधारते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या कामातला हाच भाग सर्वांत मोलाचा, आणि नेमका तोच पुढे विसरला गेला.

१९११ मध्ये, अवघ्या ५४व्या वर्षी ते गेले. दुसऱ्याच वर्षी जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची कल्पना मांडली. नंतर त्याला १०० ने गुणून बुद्ध्यंक काढला जाऊ लागला. आठव्या वर्षी दोन वर्षे मागे असलेल्या मुलाचा बुद्ध्यंक ७५, तर बाराव्या वर्षी तेवढ्याच मागे असलेल्याचा ८३. अमेरिकेत ल्युइस टर्मन यांनी १९१६ मध्ये चाचणी नव्याने बांधली. तिथे हा एकच आकडा मुलाची जन्मजात, कायमची कुवत म्हणून वाचला जाऊ लागला. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली; बिने-कामत चाचणी म्हणून ती आजही ओळखली जाते.